खरवड

बारा फूट बाय नऊ, एवढंच आहे ते.
नेरूळच्या रो-हाउसचं तोंड,
विजेच्या मीटरपासून गेटपर्यंत.
कोरियन कार्पेट.
सहा वर्षांपूर्वी टेम्पोतून आलं, सतरंजीसारखं गुंडाळून.
दोघांनी अंथरलं, चहा प्यायले, गेले.

यंदा माघातच पिवळं पडलं.
आधी बशीएवढं, मग ताटाएवढं,
मग मी मोजायचं सोडलं.
पाणी वाढवलं. पाणी वरच्या वर
फरशीवरून गटारात गेलं.
पायाखाली मात्र मऊ,
पाहुण्यांच्या खोलीतल्या जुन्या गादीसारखं.

दिगंबर म्हणाला, प्लास्टिकचं टाकू.
चौरस फुटाला पंचावन्न. दहा वर्षं बघायला नको.
नमुनाही घेऊन आला, हातरुमालाएवढा,
टीव्हीशेजारी ठेवला.
बारा महिन्यांतल्या एकाही महिन्यात नसतो
इतका हिरवा.

मी गेटपाशी बसून मुठीने ओढून पाहिलं.
मेलेलं निमूट हातात येतं,
कंगव्यातल्या गुंतवळासारखं.
जितं असतं ते उलट आपल्यालाच ओढतं.
काही आलं.
काही नाही आलं.

मग पाव कापायच्या सुरीने
ढोकळ्यासारखा एक चौकोन काढला
आणि उजेडात उभा धरला.
वर हिरवं, नखाएवढं.
खाली मुरुमाची विटकरी माती.
आणि दोन्हींच्या मध्ये, बोटाची दोन पेरं,
दाबून बसलेली तपकिरी काडी,
दर रविवारी कापलेली, गळलेली, न कुजलेली.
मुळं मातीत उतरायची सोडून तिच्यातच राहायला गेली होती.
पाणी तीच पीत होती.

नर्सरीवाल्याने तिचं इंग्रजी नाव सांगितलं.
माझ्या जिभेवर ते बसेना.

शनिवारी जवळा घेऊन चांगुणाबाई आल्या.
टोपली उतरवली, उकिडव्या बसल्या,
ओल्या बोटाने तो चौकोन दाबून पाहिला.
"खरवड हाय ही.
भात खावाचा न् टोप घासाचा नाय,
मंग असाच व्हनार."

लोखंडी पंजा शेजारच्या देवस्थळींकडून आणला.
दोन सकाळी खरवडत होते,
आधी उभं, मग आडवं.
तिसऱ्या दिवशी चहाचा कप उचलवेना.
पाच गोण्या निघाल्या.
आणि एक हिरवी प्लास्टिकची जाळी,
तिच्यात गुंडाळूनच ते गवत आलं होतं,
सहा वर्षं कुणी सोडवलीच नव्हती.

होळीला पोरं गोण्या मागायला आली.
दोन दिल्या.
एक बोंब पुरी होईपर्यंत जळून गेल्या.
बाकीच्या खताच्या खड्ड्यात,
दिगंबरने मोजून टाकल्या.

तळाशी मुरुमात एक खुबाही सापडला,
पांढरा, आत माती भरलेला.
पुढच्या शनिवारी चांगुणाबाईंना दाखवला.
त्यांनी पदराने पुसला, वास घेतला.
"खाजनातला," म्हणाल्या,
आणि गेटच्या बाहेर, पार रस्त्यापलीकडच्या
टॉवरपर्यंत एकदा बघितलं.
मग तो कनवटीला लावला
आणि जवळ्याचे वीस रुपये कमी घेतले.
का, ते मी विचारलं नाही.

आता समोर नुसतं टक्कल आहे.
देवस्थळी तसं म्हणालेही, पंजा परत घेताना.
चाळलेलं खत, दोन घमेली रेती पसरली,
झाडूने भेगांत लोटली.
संध्याकाळी पाइप धरला
तर पाणी थांबलं नाही, वाहिलं नाही,
भिजत घातलेल्या टोपात होतो तसा
बारीक आवाज करत खाली गेलं.
मी पाइप धरून तिथेच उभी राहिले, गरजेपेक्षा जास्त वेळ.

चैत्र लागलाय. रोज सकाळी चष्मा लावून
आम्ही दोघं वाकतो.
मी म्हणते, सात फुटवे.
दिगंबर म्हणतो, सहा,
तो सातवा लव्हाळा आहे.

टीव्हीशेजारचा नमुना अजून तसाच.
काल त्याच्यावरची धूळ पुसली.